अकरावी पिढी

"हे एवढे गोल कसले काढलेस?" आप्पाकाकांनी विचारलं.

"बायका," मी म्हटलं.

"इतक्या?"

मालतीकाकू पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबून हसल्या. आप्पाकाका हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझा तक्ता टेबलावर पसरला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत प्रूफं वाचत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि पीएच.डी.च्या मुलाखतीची वाट बघत घरी बसले होते. रिकामी दिसले म्हणून आप्पाकाकांनी मला कामाला लावलं. ते बाबांचे थोरले भाऊ आणि पेंढळकर कुलमंडळाचे अध्यक्ष. आमचा कुलवृत्तान्त १९३८ साली निघाला होता, त्याची दुसरी आवृत्ती ते काढत होते. मूळ पुरुषापासून आजपर्यंतचे सगळे पेंढळकर, पिढीचा आकडा घालून. मी जुनी नावं, तारखा आणि वयं तपासून द्यायची.

आनुवंशिकीच्या वर्गात वंशावळ काढायला शिकवतात, तशी मी काढली होती. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. दोघांमध्ये रेघ, रेघेखाली मुलं.

"आपल्यात असं नसतं," आप्पाकाका म्हणाले. "पुरुषाखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मुलींची यादी शेवटी. ती मालती बघते."

"मग मुलं कुणाला झाली ते कळणार कसं?"

"बापाला झाली!"

"एकट्याला?"

बाबांना ठसका लागला. काकूंनी त्यांना पाणी दिलं.

"चावटपणा पुरे," आप्पाकाका म्हणाले आणि त्यांचं बोट तक्त्यावरून खाली घसरत एका ठिकाणी थांबलं. "हे काय? केशव बल्लाळ. हा निर्वंश आहे. स्वच्छ लिहिलंय पुस्तकात. त्याच्याखाली हे काय रेखाटलंस?"

"त्याची चार मुलं."

"कुणाची?"

"केशवची. तुमच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ."

"अगं, तो पटकीनं गेला. घाटावर गेला आणि गेला. अठराशे त्र्याहत्तर. तिथीसुद्धा आहे. आमचे आजोबा त्याचं श्राद्ध घालायचे, मी स्वतः पानावर बसलोय."

मी फोटोची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. अंबळगाव नावाचं एक लहानसं संस्थान होतं, कृष्णेच्या खोऱ्यात. त्या संस्थानाच्या खानेसुमारीचे कागद, म्हणजे शिरगणतीचे, घरागणिक राहिलेले होते. इंग्रजी मुलखातले बहुतेक कागद आकडे काढून झाल्यावर नष्ट केले, संस्थानी दप्तरातले काही वाचले. सगळं मोडीत. मी मोडीचा वर्ग केला होता तो वेगळ्याच कारणासाठी, पण वाचता येत होतं. खरं तर मी केशवच्या मृत्यूची तारीख पक्की करायला गेले होते. साथीची नोंद मिळाली तर तिथी ताडून बघता येईल, एवढाच हेतू.

"अठराशे एक्क्याण्णव," मी म्हटलं. "केशव बल्लाळ पेंढळकर. वय चव्वेचाळीस. मूळ गाव पेंढळे. धंदा शिक्षक. मुलगा गजानन, वय अकरा. मुली तीन. मेल्यावर अठरा वर्षांनी चांगला खणखणीत आहे."

"दुसरा कुणी असेल."

"बापाचं नाव, गाव, वय, तिन्ही जुळतात."

"आणि बायकोपुढे हे काय लिहिलंय?"

"यशोदा. वय छत्तीस. पुनर्विवाहित."

आप्पाकाकांनी चष्मा खाली घेतला. पोहे गार होत होते.

"कागद ठेव इथे," ते म्हणाले. "आणि याची वाच्यता नको."

"का?"

"का म्हणजे? ज्याचं आपण पिढ्यान्‌पिढ्या श्राद्ध घातलं, तो तिकडे पोरं शिकवत होता म्हणून सांगायचं लोकांना?"

"खरं आहे ना पण."

"नूपुर, हा कुलवृत्तान्त आहे. तुझी प्रयोगशाळा नव्हे."

परतताना रिक्षात मी बाबांना म्हटलं, "तुम्ही एक शब्दसुद्धा बोलला नाहीत."

"आप्पा मोठा आहे," बाबा म्हणाले.

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत होते. आजोबांच्या जागेची वाटणी झाली तेव्हाही हेच, आप्पाकाकांच्या शब्दाखातर माझ्या आईने नोकरी सोडली तेव्हाही हेच. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. छापील मजकुरातली एक चुकीची वेलांटी त्यांना हातभर अंतरावरून दिसायची. भावासमोर मात्र त्यांना काहीच दिसत नसे.

त्या आठवड्यात मी कुणालाही न विचारता अंबळगावला गेले.

केशव ज्या शाळेत शिकवायचा ती शाळा अजून होती, नाव बदललेलं. तिथल्या शिपायाला मी पेंढळकर आडनावाचं कुणी गावात आहे का विचारलं. तो म्हणाला, "शकूबाई? शिट्टीवाल्या? त्या काय, मारुतीच्या मागं. पण बाई, बूट पुसून जावा. लई बोलतात."

दार उघडलं ते पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनी, म्हणजे आधी मला तेच दिसले. वर सहावारी साडी आणि ताठ पाठ. शकुंतला पेंढळकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका. खो-खोच्या राज्य संघाच्या कधीकाळच्या कर्णधार.

"मी नूपुर पेंढळकर. पुण्याहून आले. केशव बल्लाळांची माहिती..."

"थांब थांब," त्या म्हणाल्या. "पेंढळकर? खऱ्या पेंढळकर? पेंढळ्याच्या?"

"हो."

"म्हणजे आम्हाला जाळणारे."

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"ये की आत, घाबरू नको. तू नव्हतीस तिथं." त्यांनी मला पाटीभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि समोर बसल्या. "बोल. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? कसा मेला माझा पणजा?"

"पणजा म्हणजे, तुमचे आजोबा गजानन असतील तर..."

"हां, तेच. गजानन आजोबा, माधव माझे वडील. केशव पणजा. कसा मेला?"

"पटकीनं. १८७३."

त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की मारुतीच्या पारावरची कबुतरं उडाली.

"पटकी! अगं, लग्न केलं त्यानं. शेजारच्या घरातली बालविधवा. गोदी तिचं नाव, लग्नानंतर यशोदा. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीची पंचायत बसली, बहिष्कार पडला. प्रायश्चित्त घे नि तिला सोड म्हणाले. हा नाही म्हणाला. मग सख्ख्या भावानं दर्भाचा माणूस केला, त्याला केशव म्हणून जाळला, पाण्याचं मडकं लाथेनं उपडं केलं, आणि दहावा-तेरावा घालून जेवायला बसले. हा जिवंत, बायकोला घेऊन घाट चढतोय, आणि खाली याचं पिंडदान चाललंय. ती तुमची तिथी."

सख्खा भाऊ म्हणजे विनायक. आप्पाकाकांचा आणि बाबांचा खापरपणजोबा. दिवाणखान्यात त्याची तसबीर होती, हार घातलेली.

"आमच्या घरात पितृपंधरवड्यात आजोबा म्हणायचे," शकूआजी म्हणाल्या, "आपलं श्राद्ध पेंढळ्याला परस्पर होतंय, आपण नुसतं जेवायचं."

मी हसले, आणि हसता हसता माझे कान तापले. आप्पाकाका त्या पानावर बसले होते. त्यांनी ते अभिमानाने सांगितलं होतं.

"तुमच्या घरी आता कोण कोण आहे?" मी विचारलं.

"मीच. आजोबांना एक मुलगा, त्यांना एक मी. लग्न केलं नाही. कोण करणार होतं म्हणा, वाळीत टाकलेल्याची पणती. पुढं लोक आले विचारायला, तोवर मला खो-खो बरा वाटायला लागला होता." त्यांनी शेंगेचं टरफल दोन बोटांत फोडलं. "तुला एक सांगू? माझ्या वडिलांनी ते पहिलं पुस्तक विकत घेतलं होतं. निघाल्यावर पंधरा वर्षांनी पैसे भरून मागवलं. बघितलं, ठेवलं. मला म्हणाले, शकू, आपण यांच्या लेखी नाही आहोत. माझ्या वडिलांना मी रडताना एकदाच बघितलंय, ते तेव्हा. मी आठ-नऊ वर्षांची असेन."

"मी दुरुस्त करणार आहे ते."

"कर. पण लवकर कर. माझ्यामागं कुणी नाही. मी मेले की तुमचं पुस्तक खरं होईल."

मी पिढ्या मोजल्या. तो माझा आसरा होता, मोजणं. केशव आठवा. गजानन नववा, माधव दहावे, शकूआजी अकराव्या. आमच्या शाखेत लग्नं लवकर झाली होती, म्हणून आप्पाकाका बारावे आणि मी तेरावी.

"तुम्ही आप्पाकाकांच्या आत्या लागता," मी म्हटलं.

"अध्यक्षांच्या?"

"हो."

"वा!" त्या म्हणाल्या. "पुतण्याला सांग, आत्या येतेय."

मला वाटलं होतं, आप्पाकाका भडकतील. मी सगळं एका दमात सांगितलं आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी जुन्या पुस्तकात केशवचं पान काढलं.

"पुनर्विवाह," ते म्हणाले. "अठराशे त्र्याहत्तर साली. म्हणजे किती आधी! बंडू, लक्षात येतंय का? आपल्या घराण्यात समाजसुधारक होता."

बंडू म्हणजे बाबा. त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून केशव आप्पाकाकांचा लाडका झाला. प्रस्तावनेत त्याच्यावर दोन पानं आली. मला मसुदा वाचायला दिला तेव्हा त्यात वाक्य होतं: 'या धाडसी पावलात घराणे त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले.'

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"भाषा जरा पुढेमागे होते."

"पुढेमागे? विनायकने त्याला जिवंतपणी जाळला!"

"दर्भाला जाळलं."

"मग दर्भाचं श्राद्ध घातलंत का इतकी वर्षं?"

"आवाज खाली," आप्पाकाका म्हणाले. "विनायकराव तुझेही पूर्वज आहेत. त्या काळात माणूस काय करणार होता? त्यालाही पोरीबाळी उजवायच्या होत्या."

"मग तसं लिहा. घाबरून जाळला म्हणून लिहा. पाठीशी उभे राहिले काय!"

"मुलगी आहेस म्हणून ऐकून घेतोय, नूपुर."

"मुलगा असते तर काय केलं असतं?"

"मुलगा असतीस तर घराण्याचं नाव असं चव्हाट्यावर आणलं नसतंस."

मी मसुद्याचा कागद उभा फाडला. मालतीकाकूंनी माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही. मी चाळीस वर्षं बघतेय. तुला एक काय हवंय ते ठरव आणि तेवढंच माग."

मी ठरवलं. बाहेर येऊन म्हटलं, "ते पाठीशी उभं राहिल्याचं वाक्य काढा. केशवपुढचा निर्वंश शब्द काढा. आणि शकूआजींना पुस्तकात घ्या. त्या जिवंत असताना."

"घेणार म्हणजे? रंगीत फोटो छापतोय त्यांचा!" आप्पाकाका म्हणाले. "'आमच्या कर्तबगार लेकी' म्हणून पुरवणी आहे, त्यात पहिल्या पानावर. शाल-श्रीफळ देतोय संमेलनात. अजून काय पाहिजे? ते वाक्य काढतो, 'तत्कालीन परिस्थितीमुळे संबंध दुरावले' असं करतो. झालं समाधान?"

समाधान झालं नव्हतं. पण मी माझा तक्ता, वर्तुळांसकट, त्यांना दिला. केशवच्या शाखेतलं प्रत्येक नाव त्यात होतं. मांडणी आप्पाकाका करणार होते आणि प्रूफं बाबा वाचणार होते. माझी मुलाखत जवळ आली होती, मी बंगळूरला गेले.

संमेलन पेंढळ्याला होतं, कुलस्वामिनीच्या देवळाशेजारच्या सभागृहात. दोन-अडीचशे माणसं. पुण्याची, डोंबिवलीची, दोन कुटुंबं अमेरिकेहून आलेली. शकूआजींना मी रत्नागिरीच्या स्टँडवरून घेऊन आले. त्यांनी नवी साडी नेसली होती, पायात तेच बूट.

आप्पाकाका प्रवेशद्वाराशी उभे होते. "या या, शकुंतलाताई!"

"आत्या म्हण," शकूआजी म्हणाल्या.

"हो हो, आत्या. या."

"वाक की जरा. कंबर दुखते का?"

आप्पाकाका वाकले. मागे उभ्या असलेल्या मालतीकाकूंनी पदर तोंडाशी धरला.

आमच्या संमेलनात एक रीत आहे. सुरुवातीला पिढ्या पुकारतात. आकडा पुकारला की त्या पिढीच्या लोकांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आप्पाकाकांनी माईकवरून पुकारलं, "अकरावी पिढी!" सभागृहात एकट्या शकूआजी उभ्या राहिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आजूबाजूच्या बायका वाकून नमस्कार करायला आल्या. त्यांनी कुणाला वाकू दिलं नाही. पण खाली बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

"माझे वडील पाहिजे होते आज," त्या म्हणाल्या.

पुस्तकाचं प्रकाशन झालं. जाड, गुळगुळीत कागदाचं. पहिल्या रांगेत प्रती आधी वाटल्या. मी पुरवणी उघडली. शकूआजींचा फोटो, हातात ढाल, वयाच्या चोविशीतला. छान आला होता.

"हे नको," त्या म्हणाल्या. "ते दाखव. झाड."

मी वंशावळीचं पान काढून दिलं. त्यांनी चष्मा पुसला. केशव, आठवी पिढी. पत्नी यशोदा. पुढे निर्वंश शब्द नव्हता, मी आधी तेच बघितलं. त्यांचं बोट खाली आलं. गजानन, नववी. बोट अजून खाली आलं आणि थांबलं.

'माधव गजानन. शिक्षक, अंबळगाव. निर्वंश.'

त्याखाली कोरा कागद होता.

शकूआजींनी एकदा वाचलं. मग पुन्हा. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो नंतर आला. आधी त्या फक्त गोंधळल्या होत्या, वर्ग चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलेल्या मुलीसारख्या.

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या. "मग मी कोण?"

मी पुस्तक घेऊन उठले. आप्पाकाका स्टेजच्या पायरीशी होते, बाबा त्यांच्याजवळ सत्काराच्या शाली मोजत होते.

"हे काय आहे?"

"काय?" आप्पाकाकांनी पान बघितलं. "बरोबर आहे की. तुझ्या म्हणण्याप्रमाणे केशवचं काढलं. त्याला मुलगा होता, त्याला मुलगा होता. या माधवरावांना नाही."

"त्यांना मुलगी आहे! ती तिथे बसलीय!"

"अगं, हळू. नियम आहे तो. पुत्रसंतती नसेल तर निर्वंश लिहायचं. पहिल्या पुस्तकापासून. यात कुणाचा अपमान नाही, ती नोंदीची पद्धत आहे. त्यांचं नाव लेकींच्या यादीत आहे, रंगीत फोटो आहे."

मला एकदम ती पानं आठवली. जुन्या पुस्तकात दर पाच-सहा पुरुषांमागे एक निर्वंश होता. हे प्रमाण मला तेव्हाच खटकलं होतं. माणसांमध्ये इतकं वंध्यत्व नसतं. मी आप्पाकाकांना विचारलं होतं, ते म्हणाले होते प्लेग, पटकी. मी मान्य केलं होतं. त्या सगळ्यांच्या घरात मुली खेळत होत्या.

"बाबा," मी म्हटलं, "हे तुम्ही वाचलं होतंत?"

बाबांनी शालीची घडी केली. "हो."

"आणि?"

"नियमाप्रमाणे बरोबर होतं."

मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी पुस्तकाची पानं उलटली, आमची शाखा काढली. जयंत, म्हणजे बाबा, बारावी पिढी. पुढे काही नाही.

"तुमच्यापुढे का नाही मग?"

"ते," बाबा म्हणाले आणि थांबले. "ते मेल्यावर लावतात."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरोखर. वडिलांना मारावंसं वाटणं काय असतं ते मला त्या क्षणी कळलं.

"शुद्धिपत्र काढू," आप्पाकाका पुटपुटले. "बघू. मंडळात विषय ठेवू. आता तमाशा नको. सत्कार आहे." आणि ते माईककडे गेले. "यानंतर, ज्यांच्या पणजोबांनी इतिहास घडवला, त्या श्रीमती शकुंतलाताई पेंढळकर!"

शकूआजी पायऱ्या चढल्या. पुस्तक त्यांच्या काखेत होतं. आप्पाकाकांनी त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो झाला. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला.

"बोलायला वेळ थोडाच घेते," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर पोरं रांगेत उभी केली. दुसरं मला काही येत नाही. तेव्हा तेच करते. या सभागृहातल्या ज्या पुरुषांना नुसत्या मुली आहेत, मुलगा नाही, त्यांनी उभं राहा."

लोक हसले. बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसू लागल्या. काहीतरी बक्षीसबिक्षीस असणार असं वाटलं असावं. मागच्या रांगेतला एक जण हसत उठला. मग आणखी. अमेरिकेहून आलेला एक जण दोन्ही लेकींना हाताशी धरून उठला. पंधरा-वीस जण झाले असतील. बाबा स्टेजच्या खाली शालींचा गठ्ठा घेऊन आधीच उभे होते. शकूआजींनी तिकडे बघितलं.

"तुम्ही उभे आहात की नुसतेच थांबलाय?"

बाबांनी गठ्ठा खाली ठेवला. "उभा आहे," ते म्हणाले.

"छान. हात खाली. समोर बघा." आवाजात जरब होती, हसू विरत गेलं. त्यांनी पुस्तक उघडलं. "हे माधव गजानन पेंढळकर. माझे वडील. आई लवकर गेली तर माझ्या वेण्या हे घालायचे, वाकड्या. पहिल्या सामन्याला गेले तर मैदानाबाहेर सायकल धरून उभे होते दिवसभर. यांच्यापुढे लिहिलंय निर्वंश. मी इथं बोलतेय, तुम्हाला ऐकू येतंय ना? मागं ऐकू येतंय?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला.

"आमच्या पणज्याला तुम्ही एकदा जिवंतपणी जाळलं. ते दीडशे वर्षांपूर्वीचं. त्या काळाची माणसं, सोडून देऊ. माझ्या बापाला तुम्ही गेल्या महिन्यात जाळलं. छापखान्यात." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुम्ही जे उभे आहात, त्यांच्या नावापुढं अजून काही नाही. तुम्ही मेल्यावर येईल. घाई करू नका. बसा."

ते बसले. खुर्च्या करकरल्या. त्या अमेरिकेच्या माणसाची धाकटी लेक त्याला इंग्रजीत काहीतरी विचारत होती, त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं.

"आत्याबाईंनी गमतीगमतीत..." आप्पाकाका माईककडे सरकले.

शकूआजींनी स्वतःच्या अंगावरची शाल काढली, त्यांच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही टोकं नीट ओढून सारखी केली.

"घे. पुतण्याला आत्याकडून." मग पायऱ्या उतरून माझ्याकडे आल्या. "चल पोरी. जेवायचं नाही मला इथं. या घरचं पान आमच्या नावानं पुष्कळ वाढून झालंय."

मी त्यांची पिशवी घ्यायला वळले तेव्हा दिसलं, सगळं सभागृह बसलेलं होतं आणि बाबा उभे होते. हात खाली, समोर बघत. त्यांना सांगितलं होतं तसेच.

"बंडू, बस," आप्पाकाका माईकवरूनच म्हणाले.

बाबा हलले नाहीत.

"बंडू, बस म्हणतोय ना मी."

"नाही," बाबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेला असेल. आप्पाकाकांनी माईकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी करावं.

शकूआजी दारापर्यंत पोचल्या होत्या. वळून त्यांनी विचारलं, "तो कोण गं?"

"माझे बाबा."

"बसा म्हटलं होतं की मी. सांग त्याला."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे गुडघे दुखायचे, जास्त वेळ उभं राहवत नसे. उजवा पाय थरथरत होता. नियमाप्रमाणे बरोबर होतं, हे त्यांचं वाक्य माझ्या कानात अजून तसंच होतं.

मी पिशवी उचलली. मीही त्यांना बसा म्हटलं नाही.